डब्याचा ठावठिकाणा

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली. ‘एमएससी चित्रा’ न्हावा शेवाहून निघून मुंद्र्याच्या वाटेला लागली होती, ‘खलिजिया-३’ आत येत होती. चित्रा एका अंगावर कलली आणि तिच्यावर रचलेल्या बाराशेहून अधिक कंटेनरांपैकी काहीशे एकामागोमाग समुद्रात घसरले. जहाजातले इंधन पसरून उरण-अलिबागच्या किनाऱ्यावर आणि खारफुटीत काळा थर बसला. बिस्किटांचे पुडे वाळूवर येऊन लागले, आणि ते कुणी उचलू नयेत म्हणून प्रशासनाची धावपळ सुरू झाली, कारण जहाजावरच्या ३१ डब्यांत कीटकनाशके होती.

तेल डोळ्यांना दिसत होते, त्यामुळे वर्तमानपत्रांत छायाचित्रे त्याचीच आली. बंदरांना खरा घोर होता तो पाण्याखालच्या डब्यांचा. बुडालेला किंवा अर्धवट तरंगणारा चाळीस फुटी डबा जहाजाच्या तळाला लागला तर दुसरी चित्रा व्हायला वेळ लागला नसता. सकाळपर्यंत यातल्या प्रत्येक डब्याची जागा कागदावर होती: जहाजाचा कितवा बे, कितवी रांग, कितवा थर. पाण्यात पडल्यावर त्या आकड्यांना काही अर्थ उरला नाही. नौदल, तटरक्षक दल आणि बंदराची माणसे सोनार लावून तळ चाचपत राहिली, आणि मुंबई व न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस जवळजवळ ठप्प झाली.

डबा कुठे आहे, या एका प्रश्नावर उरण तालुक्याचे बरेचसे अर्थकारण चालते. इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातून, म्हणजेच न्हावा शेवातून, २०२४-२५ या वर्षात सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी डब्याच्या मापाने ७३ लाख डबे, गेले-आले. या डब्यांचा माग ठेवण्याची तऱ्हा गेल्या पस्तीस वर्षांत चार-पाच वेळा बदलली. ती का बदलली, हे नीट पाहिले तर बहुतेक वेळा मागे एकच कारण सापडते. उशिराचे पैसे कुणी भरायचे यावरून कुणाचे तरी कुणाशी तरी वाजलेले असते.

तसे उरणला मालावर पाळत नवी नाही. एकोणिसाव्या शतकात हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाई, मिठागरे आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या. मुंबईच्या गुत्त्यांत जाणारी दारू मोठ्या प्रमाणावर इथून होडीने जायची. मीठ आणि दारू दोन्ही ब्रिटिश सरकारच्या कराची खाती, त्यामुळे दोन्ही माल सरकारी माणसाच्या देखत मोजूनच जागचे हलत. मीठ निघताना वजन, कर भरल्याचा परवाना, वाटेत नाक्यावर पुन्हा तपासणी. त्याच मातीत पिकणाऱ्या भाताच्या किंवा खाडीतल्या मासळीच्या हालचालीची असली बारीक नोंद कुणी ठेवली नाही. ज्यातून वसुली होणार, त्याचाच हिशेब राहायचा.

बंदर आले ते याच मिठागरांवर आणि भातखाचरांवर. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले शेतकरी आंदोलन १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबाराला सामोरे गेले. दास्तान फाटा आणि नवघर-पागोटे परिसरात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व या लढ्यातून आले. शेवा बेटावरच्या गावाला उठावे लागले आणि तिथली कुटुंबे नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा इथे गेली. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. बोटीवरून गोणी उतरवणाऱ्या हमालांची गर्दी इथे कधी नव्हतीच, कारण हे बंदर पहिल्यापासून यंत्रांसाठी आखलेले होते. मुंबई बंदरात गोदी कामगारांच्या पिढ्या जगल्या, तसे इथे होणार नव्हते. हे भूमिपुत्रांना फार लवकर कळले.

नोकऱ्या मिळाल्या त्यातल्या बऱ्याचशा कंटेनर फ्रेट स्टेशनांत, म्हणजे सीएफएसमध्ये. बंदरातून उतरलेला डबा आधी या खासगी यार्डात जायचा, तिथे कस्टम्सची तपासणी व्हायची, मग तो मालकाकडे रवाना व्हायचा. जासई, द्रोणागिरी, भेंडखळ, सोनारी अशा भागांत अशी यार्डे उभी राहिली आणि जिथे आगर होते तिथे पाच-पाच मजली डब्यांच्या भिंती दिसू लागल्या. गावातली बारावी झालेली मुले सर्व्हेअर आणि टॅली क्लार्क म्हणून लागली. डबा कुठे आहे हे ठाऊक असणे, हीच त्यांची नोकरी होती.

हे काम काय होते, ते सांगितले पाहिजे, कारण आता ते बरेच कमी झाले आहे. ट्रेलर गेटवर आला की सर्व्हेअर हातात पॅड घेऊन डब्याला एक पूर्ण फेरी मारायचा. डावीकडे पोचा, मागच्या दाराचे रबर फाटलेले, छताला भोक असे सगळे कागदावर उतरायचे, कारण आत जाताना नसलेला पोचा बाहेर पडताना दिसला तर दुरुस्तीचे बिल यार्डाच्या गळ्यात पडणार. या कागदाला ईआयआर म्हणतात आणि चालकाची सही त्यावर लागते. दाराचे सील ओढून बघायचे, त्याचा नंबर लिहायचा. मग यार्डात जागा ठरायची: ब्लॉक, रांग, कितवा मजला. रजिस्टरमध्ये ती नोंद व्हायची आणि क्रेनवाल्याला वॉकीटॉकीवर सांगितली जायची. पावसाळ्यात रात्रपाळीला पॅडवर प्लॅस्टिक धरून हे सगळे चाले.

डबा ‘हरवला’ असे यार्डात म्हणत, तेव्हा तो चोरीला गेलेला नसे. तीस टनांची लोखंडी पेटी कोण खिशात घालणार? क्रेनवाल्याने शेजारच्या रांगेत ठेवलेला असे आणि रजिस्टरमध्ये जुनीच रांग लिहिलेली असे, एवढेच. पण तो चार थरांच्या तळाशी सापडला तर वरचे तीन उचलून बाजूला ठेवायचे, आणि त्या तिघांची नवी जागा पुन्हा लिहायला विसरायचे नाही. एक चूक अशी तीन चुका जन्माला घालायची.

या सगळ्या नोंदींचा पाया आहे डब्याच्या अंगावर रंगवलेला नंबर. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकमालकाने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडले, तेव्हा असा जागतिक नंबर नव्हता. डबे त्याचे, जहाज त्याचे, ट्रकही त्याचेच. भारतात पहिले कंटेनर जहाज १९७३ मध्ये कोचीनला लागले. तोवर एका कंपनीचा डबा दुसऱ्याच्या जहाजावर, तिसऱ्याच्या ट्रकवर जाऊ लागला होता आणि सगळ्यांना कळेल अशा खुणेची गरज पडली होती. मालकाची चार अक्षरे, त्यातले चौथे बहुतेक ‘यू’. मग सहा आकडे. आणि शेवटी चौकटीत एकटा बसलेला एक आकडा. अक्षरांची नोंद पॅरिसमधले आंतरराष्ट्रीय कंटेनर ब्युरो ठेवते. ही संस्था १९३३ पासूनची आहे.

चौकटीतल्या आकड्याकडे रस्त्यावर कुणी लक्ष देत नाही, पण सगळ्या व्यवस्थेतली हुशारी तिथेच आहे. पाठ्यपुस्तकातले नेहमीचे उदाहरण घ्या: सीएसक्यूयू ३०५४३८, चौकटीत ३. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत आहे: सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. डावीकडून पहिल्याला १ ने, दुसऱ्याला २ ने, मग ४, ८, १६ असे दुप्पट करत दहाव्याला ५१२ ने गुणायचे. सगळ्यांची बेरीज ६१८५ येते. तिला ११ ने भागले की बाकी ३ उरते. तोच चौकटीतला आकडा. आता पहाटे तीन वाजता पेंगुळलेल्या क्लार्कने ५४ च्या जागी ४५ लिहिले, तर बेरीज ६२४९ होते आणि बाकी येते १. संगणक ताबडतोब ओरडतो. हाताने लिहिणाऱ्या माणसाकडून कुठली चूक होणार, हे आधीच ओळखून बांधलेले हे गणित आहे. उरणच्या गेटवर नंतर जे कॅमेरे आले, त्यांनीही हाच नंबर वाचला. कॅमेऱ्याने वाचलेल्या नंबराची खातरजमा आजही याच गणिताने होते.

रजिस्टरच्या जमान्यातून बाहेर पडायचा मार्ग मिळाला तो १९९९ मध्ये. न्हावा शेवा इंटरनॅशनल कंटेनर टर्मिनल हे देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल पी अँड ओ कंपनीने सुरू केले आणि बंदराच्या स्वतःच्या टर्मिनलला शेजारीच स्पर्धक आला. २००६ मध्ये मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सचे आणि कॉन्कॉरचे मिळून गेटवे टर्मिनल आले, पुढे २०१५ नंतर आणखी दोन. जहाजाला कोण लवकर सोडतो यावर धंदा ठरू लागला, आणि रजिस्टरची जागा टर्मिनल चालवणाऱ्या संगणकप्रणालीने घेतली.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. अनेकांना वाटते की प्रत्येक डब्यावर जीपीएस बसवलेले असते. तसे नसते. साधा डबा निर्जीव असतो, त्याला वीज नाही, आणि लाखो डब्यांच्या बॅटऱ्या कोण बदलणार? आधुनिक टर्मिनलांत डोळस असते ती त्याला उचलणारी क्रेन. क्रेनच्या स्प्रेडरला चार कोपऱ्यांवर चार कुलपे असतात. ती डब्याच्या कोपऱ्यांतल्या खाचांत बसून फिरली की डबा धरला गेला. जिथे ती उलटी फिरून सुटतात, ती त्या डब्याची नवी जागा. क्रेनवरचा जीपीएस त्या क्षणी स्वतःची जागा नोंदवतो आणि संगणक ती डब्याच्या नावे लावतो.

गोष्ट सोपी वाटते, पण डब्याची रुंदी फक्त आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर. १ मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे आणि ती शंभर मीटरपर्यंत जाई. तेवढ्यात अख्खा ब्लॉक बदलतो. ती मिसळ बंद झाल्यावरही काही मीटरची चूक उरतेच, आणि तेवढ्यानेही डबा शेजारच्या रांगेत गेल्याचे दिसते. शिवाय उपग्रहाकडून आलेली लहर लोखंडी भिंतींवर आपटून उशिरा पोचली की हिशेब चुकतो. म्हणून जागा पक्की माहीत असलेल्या ठिकाणी एक स्थिर केंद्र उभारायचे, त्याला दिसणारी चूक मोजायची आणि रेडिओने क्रेनला कळवायची, अशी सोय करावी लागते. एवढे करून जगभरच्या टर्मिनलांनी ‘हरवलेल्या’ डब्यांचा त्रास बराच कमी केला.

अमेरिकी रेल्वेचा अनुभव याच्या आधीचा आणि फार बोलका. तिथे १९६७ पासून मालडब्यांच्या अंगावर रंगीत पट्ट्यांचे लेबल लावायचे ठरले. रुळाशेजारचा दिवा त्यावर पडायचा आणि डब्याची ओळख पटायची. काही वर्षांत बहुतेक सगळ्या डब्यांवर लेबले लागली. ती पुसत कोण बसणार, याचा विचार मात्र झाला नव्हता. धूळ आणि काजळीने वाचन बिघडत गेले आणि १९७७ मध्ये पद्धत गुंडाळावी लागली. तीच रेल्वे नव्वदच्या दशकात रेडिओ टॅगकडे वळली, कारण रेडिओ लहरींना काजळीची तमा नसते. उरणमध्ये एक पावसाळा आणि जासईच्या रस्त्यावरचा एक उन्हाळा पाहिलेल्या कुणालाही हे दोन ओळींत पटेल.

टर्मिनलच्या भिंतीच्या आतला प्रश्न असा सुटत आला. गेटबाहेर मात्र अंधारच होता.

डबा ट्रेलरवर चढून करळ फाट्याकडे वळला की तो बंदराच्या संगणकातून पुसला जायचा. पुढे तो सीएफएसच्या रजिस्टरात उगवेपर्यंत, किंवा दिल्लीतल्या तुघलकाबादच्या कोरड्या बंदरात रेल्वेच्या रेकवरून उतरेपर्यंत, मालाच्या मालकाला फोनाशिवाय दुसरा आधार नव्हता. रेल्वेचे त्यातल्या त्यात बरे होते. मालगाड्यांच्या हालचालीची तिची संगणकीय नोंद होती आणि वाघिणीच्या क्रमांकावरून गाडी कुठवर आली ते कळे. रस्त्यावर विचारणा करायची ती वाहतूकदाराकडे, त्याने चालकाला, आणि चालकाने सांगायचे, ‘साहेब, गव्हाण फाट्याला आहे, जाम आहे.’ तो खरोखर गव्हाण फाट्याला आहे की धाब्यावर, हे कसे कळणार? बहुतेक वेळा तो गव्हाण फाट्यालाच असे, कारण उरणच्या रस्त्यांवरची कोंडी ही काही बनवलेली सबब नव्हती. दोन्ही बाजूंना उभे ट्रेलर, मधल्या फटीतून एसटी आणि शाळेच्या रिक्षा, आणि अपघातांवरून गावकऱ्यांचे रास्ता रोको हे कित्येक वर्षे चालले.

ट्रकवर पाळत पहिल्यांदा नेटाने आली ती इंधनाच्या टँकरांवर, आणि तिला महाराष्ट्रातल्या एका खुनाची पार्श्वभूमी आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोच्या परिसरात इंधन भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. टँकर डेपोतून निघतो, वाटेत धाब्यामागे थांबतो, थोडे तेल काढून त्यात रॉकेल भरले जाते, हे उघड गुपित होते. या घटनेनंतर टँकरांवर जीपीएस बसवण्याच्या कामाला जोर आला. टँकर ठरल्या वाटेवरून ढळला किंवा नको तिथे थांबला की कंपनीच्या पडद्यावर इशारा येतो. भेंडखळचा गॅस भरण्याचा प्रकल्प, धुतूमची इंधनाची साठवण आणि ओएनजीसीचा प्रकल्प यांमुळे उरणच्या रस्त्यांवर असे टँकर रोजचेच. अँटेनाची वायर ‘आपोआप’ सुटण्याचे प्रकारही मग टँकर आणि ट्रेलर दोन्हींवर सुरू झाले. पाळत आली की पळवाट तिच्या मागोमाग येतेच.

डब्यांसाठी तोडगा निघाला तो १ जुलै २०१६ रोजी, आणि तोही उरणमध्येच पहिल्यांदा. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेची केंद्र सरकारी यंत्रणा आणि जपानची एनईसी कंपनी यांनी मिळून काढलेल्या कंपनीने ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ जवाहरलाल नेहरू बंदरात सुरू केली. डबा बंदरातून निघताना त्याच्यावर एक छोटा आरएफआयडी टॅग लावायचा. टॅगला बॅटरी नाही. वाचकयंत्राने सोडलेल्या रेडिओ लहरीवरच तो क्षणभर जागा होतो, आपला क्रमांक सांगतो आणि पुन्हा झोपतो. भारतात तेव्हा यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय मोकळा होता. टर्मिनलची गेटे, सीएफएस, टोलनाके, कोरडी बंदरे अशा ठिकाणी वाचकयंत्रे बसली. उपग्रह नाही, नकाशावर सरकणारा ठिपका नाही. इथून या वेळेला गेला, तिथे त्या वेळेला पोचला, एवढीच नोंद. बाकीचा प्रवास दोन नोंदींमधल्या वेळेतून समजून घ्यायचा. रेल्वेने जाणाऱ्या डब्यांची माहिती रेल्वेच्या यंत्रणेतून जोडली गेली.

दर डब्यामागे १४५ रुपये आकारले गेले, आणि वापर करा किंवा करू नका, ते भरायचेच होते. त्यावर सुरुवातीला कुरबुर झाली. ट्रेलरवर आमचे जीपीएस आहेच, मग हे कशाला, असा वाहतूकदारांचा सवाल होता, आणि तो बिनबुडाचा नव्हता. पण वाहतूकदाराचे जीपीएस ट्रेलरचा माग ठेवते. डबा उतरला की त्याचा धागा तुटतो. शिवाय ती माहिती वाहतूकदाराच्या हातात असते आणि भांडण झाले की ती दाखवायची की नाही हे तोच ठरवतो. नवी नोंद तिसऱ्याच्या हातात गेली, आणि फरक पडला तो तिथे. माझा डबा बंदराने अडवला की सीएफएसने की ट्रेलरवाल्याने, हे आता तारीख-वेळेसह कुणालाही दिसू लागले. कुठले टर्मिनल किती तास लावते याचे मासिक तक्ते निघू लागले. जागतिक बँकेच्या २०२३ च्या लॉजिस्टिक्स अहवालात भारत १३९ देशांत ३८ वा आला. भारतीय बंदरांत डबा थांबण्याचा सरासरी काळ तीन दिवसांच्या आसपास उतरल्याची आणि त्यामागे डब्यांचा माग ठेवणारी ही यंत्रणा असल्याची नोंद त्यात आहे.

डेटा बँक आली त्याच सुमारास कस्टम्सने थेट बंदरातून माल सोडण्याची योजना, म्हणजे डीपीडी, जोमाने पुढे रेटली. विश्वासू आयातदाराचा डबा सीएफएसमध्ये न जाता जहाजावरून सरळ कारखान्यात. आयातदाराचे दिवस वाचले, पैसे वाचले. उरणच्या गावांत मात्र याचा अर्थ वेगळा लागला. डबा सीएफएसला येणार नसेल तर सर्व्हेअर कशाला, टॅली क्लार्क कशाला? नोकऱ्या जातील म्हणून डीपीडीच्या विरोधात तालुक्यात आवाज उठला. जमीन गेल्यावर जी नोकरी मिळाली होती, ती डब्याच्या थांबण्यावर उभी होती. डबा जितका रेंगाळेल तितके यार्डाचे भाडे आणि तितकी माणसे. वेग वाढवण्याची किंमत कुणाच्या तरी पगारातून जाते, ही गोष्ट दिल्लीतल्या सादरीकरणांत फारशी येत नाही.

संगणकावर किती भिस्त ठेवली आहे, ते २०१७ च्या जूनमध्ये कळले. २७ तारखेला ‘नॉटपेट्या’ नावाच्या सायबर हल्ल्याने मर्स्कची जगभरची यंत्रणा कोसळली आणि न्हावा शेवाचे गेटवे टर्मिनलही त्यात सापडले. क्रेन ठणठणीत होत्या, डबे जागच्या जागी होते, जहाजे लागलेली होती. फक्त कुठला डबा कुठे आहे हे सांगणारा मेंदू गेला होता. कागद-पेन्सिल घेऊन काम रेटण्याचा प्रयत्न झाला, ट्रेलरांच्या रांगा वाढल्या आणि काही दिवस रजिस्टरचा जमाना परत आला. ज्या माणसांना त्या कामाची सवय होती, ती तोवर कमी झालेली होती.

त्याच वर्षी कस्टम्सने निर्यातीच्या डब्यांना इलेक्ट्रॉनिक सील लावण्याचा नियम आणला. आधी अबकारी अधिकारी कारखान्यात येऊन स्वतःसमोर डबा बंद करून घेई. आता निर्यातदाराने स्वतः बोल्ट सील ठोकायचे, त्यातला आरएफआयडी क्रमांक पोर्टलवर भरायचा, आणि बंदरात तो वाचून सील शाबूत आहे का ते पाहायचे. रक्तचंदनाच्या तस्करांना सीलची अडचण कधीच फारशी नव्हती. सीलला हात न लावता दाराच्या दांड्याचे रिव्हेट काढून माल बदलण्याची त्यांची युक्ती न्हावा शेवाच्या कस्टम्सला चांगली माहीत आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये तर आणखी एक गोष्ट उघड झाली. दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलने न्हावा शेवा इथे पडून असलेला एक कंटेनर उघडला. आत सुमारे २२ टन ज्येष्ठमधाच्या कांड्या होत्या आणि त्यांवर हेरॉइनचा लेप होता. त्याची किंमत १७०० कोटींहून अधिक सांगितली गेली. हा डबा कित्येक महिने तिथेच होता. तो कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होते. तो घ्यायला कुणी आले नाही, आणि आत काय आहे ते टॅगला विचारून कळणार नव्हते.

इतका बारीक हिशेब एकीकडे, आणि दुसरीकडे त्याच खाडीतली माणसे. बंदराच्या विस्तारासाठी झालेल्या भरावाने मासेमारीच्या जागा आणि खाडीकडे जायच्या वाटा गेल्या, म्हणून इथले पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा इथल्या कोळीवाड्यांतल्या १६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश २७ फेब्रुवारी २०१५ रोजी पुण्याच्या खंडपीठाने दिला. बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून ती द्यायची होती. बंदर तोवर पंचवीस वर्षांचे झाले होते.

रस्त्याचे चित्र गेल्या काही वर्षांत पालटले आहे. करळला उड्डाणपूल झाले. कडेला उभे राहणारे ट्रेलर आता बंदराच्या पार्किंग प्लाझात जातात. तिथे सुमारे दीड हजार गाड्यांची सोय आहे आणि निर्यातीच्या डब्यांचे कस्टम्सचे कागदही तिथेच होतात. १२ जानेवारी २०२४ रोजी न्हावा शेवाला शिवडीशी जोडणारा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी मुंबईची लोकल उरण स्थानकापर्यंत आली. डब्यांच्या मालगाड्या मात्र बंदर झाल्यापासून धावत होत्या.

प्लाझात उभ्या ट्रेलरच्या केबिनमध्ये चालक फॉर्म १३ यायची वाट पाहत बसतो. तो आल्याशिवाय निर्यातीचा डबा आत जात नाही. डबा वेळेत परत गेला नाही तर जहाज कंपनीचे डिटेन्शन दिवसाच्या हिशेबाने आणि डॉलरमध्ये चढते, जागेचे भाडे वेगळे. चालकाला पैसे बहुधा फेरीचे मिळतात. एका फेरीत दोन रात्री गेल्या तरी फेरी एकच. अलीकडे वाहतूकदार हॉल्टिंगच्या बिलाला जीपीएसचा उतारा जोडू लागले आहेत: अमुक वाजता गाडी तुमच्या गेटवर आली, अमुक वाजता सुटली, मधल्या तासांचे पैसे द्या. पार्टी आधी खळखळ करते, मग त्यातले काही तास मान्य करते. त्या पैशांतले चालकाच्या हातात किती पडतात, हे ज्याच्या त्याच्या मालकावर आहे.